प्रिंट-अँड-प्ले खेळ

प्रिंट-अँड-प्ले खेळ : पट, पत्ते, सोंगट्या आणि नियमपत्रक यांचे तयार आराखडे मिळवून खेळणाऱ्याने स्वतः छापायचे, कापायचे आणि जुळवायचे बैठे खेळ. ‘पीएनपी’ हे त्यांचे रूढ संक्षिप्त नाव. फासे, मणी, बटणे यांसारखे सुटे साहित्य बहुधा घरातलेच घेतात. आराखडे सामान्यतः पीडीएफ स्वरूपात असतात. हे स्वरूप १९९३ मध्ये अडोबी कंपनीने आणले. त्यात पानावरील मापे यंत्रागणिक बदलत नाहीत आणि पत्त्यांच्या कामात मापालाच सर्वाधिक महत्त्व असते.

या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत तिला यूरोपातील ‘हंसाचा खेळ’ या ६३ घरांच्या सर्पिल पटापर्यंत मागे नेते. फ्लॉरेन्सच्या फ्रान्चेस्को द मेदिची याने हा खेळ स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला भेट दिल्याची हकिकत प्येत्रो कार्रेरा याने १६१७ मध्ये नोंदवली आहे. लंडनमध्ये जॉन वुल्फ या मुद्रकाने १५९७ मध्ये मुद्रक-प्रकाशकांच्या नोंदवहीत या खेळाची नोंद केली. अलीकडचे अभ्यासक इटलीतील पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील उल्लेखही दाखवतात. तथापि तो उल्लेख छापील पटाचाच आहे असे मानण्याचे कारण नाही. असे पट एकेरी कागदावर छापून विकले जात. विकत घेणारा तो कागद फळीवर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवी आणि फासे, सोंगट्या स्वतःच्या वापरी. फ्रान्समधील एपिनालच्या चित्रपत्रकांत व जपानमधील लाकडी ठशांच्या ‘ए-सुगोरोकू’ पटांतही कामाची हीच वाटणी दिसते. मेजी काळात (१८६८–१९१२) जपानी मासिके नववर्षाच्या अंकासोबत असा पट पुरवणी म्हणून देत.

दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या जुन्या पत्रकांत जुळणी खेळणाऱ्याकडे होती, पण छपाई मुद्रकाकडेच राहिली. छपाईही खेळणाऱ्याच्या हाती आली ती छायाप्रत यंत्र आणि पुढे घरगुती प्रिंटर आल्यावर. तेव्हा हंसाच्या खेळाला या प्रथेचा पूर्वज म्हणावे, आरंभ नव्हे.

मुद्रणाशिवाय नकलून पसरणाऱ्या पटांची परंपरा याहून वेगळी आहे आणि ती महाराष्ट्राला परिचित आहे. मोक्षपट, म्हणजे सापशिडीचे मूळ रूप, कागदावर वा कापडावर हाताने नकलला जाई. पुण्याचे हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील मोक्षपटांकडे लक्ष वेधले. पहिले घर जन्माचे आणि शेवटचे मोक्षाचे, अशी त्यांची मांडणी आहे. परंपरा या खेळाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांना, म्हणजे तेराव्या शतकाला देते. मात्र भारतभर आज उपलब्ध असलेले पट मुख्यतः अठराव्या शतकापासूनचे आहेत, म्हणून हे श्रेय परंपरा म्हणूनच नोंदवणे उचित. घरांची संख्याही स्थिर नाही : वैष्णव पटांत ७२, जैन पटांत ८४, इस्लामी वळणाच्या पटांत १०० किंवा १०१ घरे आढळतात. नकलणारा घरे वाढवी, सापांची नावे बदली; आजचे छापणारेही आराखड्यात असेच फेरफार करतात, इतके साम्य निश्चित. अष्टाचल्लस तर फरशीवर खडूने आखून, चिंचोके फोडून खेळतात. तेथे छापायचे काहीच उरत नाही.

आधुनिक प्रथेच्या आधीचा महत्त्वाचा टप्पा युद्धखेळांच्या मासिकांचा आहे. अमेरिकेतील ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ (१९६७ पासून) खेळरचनाकार जेम्स डनिगन यांच्याकडे आल्यावर प्रत्येक अंकात एक पूर्ण खेळ देऊ लागले. सुरुवातीच्या सोंगट्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापाव्या लागत. १९९६ मध्ये जेम्स अर्नेस्ट यांनी सिएटल येथे काढलेल्या ‘चीपॅस गेम्स’ने पांढऱ्या लिफाफ्यांतून खेळ विकले. त्यात फासे, सोंगट्या, खेळातले पैसे काहीच नसे, कारण ते घरातील इतर खेळांत असतातच, अशी भूमिका होती. या संस्थेने पुढे अनेक खेळांचे आराखडे मोफत दिले. ‘बोर्डगेमगीक’ हे माहितीस्थळ २००० मध्ये सुरू झाल्यावर रचनाकारांना आराखडे ठेवण्याची जागा मिळाली. २०२० च्या टाळेबंदीत बऱ्याच प्रकाशकांनी काही खेळ घरी छापण्यासाठी खुले केले.

तंत्र : प्रचलित पत्ता सुमारे ६३ × ८८ मिमी असतो. तीन ओळी व तीन रकाने मांडले की १८९ × २६४ मिमी जागा लागते. ती ए-४ (२१० × २९७) आणि अमेरिकी लेटर (२१६ × २७९) या दोन्ही कागदांवर मावते, म्हणूनच पानावर नऊ पत्ते हे प्रमाण जवळपास सर्वत्र दिसते. अवघ्या नऊ किंवा अठरा पत्त्यांत खेळ बसवण्याची रचनाकारांतील चुरसही यातूनच आली : एक पान किंवा दोन पाने. लेटर मापाचा आराखडा ए-४ वर ‘पानात बसवा’ असा छापला की पत्ते सुमारे तीन टक्क्यांनी आखूड होतात आणि पत्त्यांवर चढवायच्या बाजारच्या पाकिटांत सैल बसतात. छपाई १०० टक्के मापानेच करावी. झेरॉक्सच्या दुकानात हे आवर्जून सांगावे लागते.

खरी अडचण पाठीची आहे. दोन्ही बाजूंनी छापताना कागद यंत्रात मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो आणि पाठीवरील चौकट एका बाजूला जाड दिसते. एवढ्यानेही पत्ता ओळखता येतो व लपवाछपवीच्या खेळाचा पाया जातो. यावर तीन उपाय आहेत. पाठीचे चित्र कडेबाहेर तीनेक मिलिमीटर वाढवून ठेवणे हा पहिला. दुसरा मधल्या घडीचा : पानाच्या अर्ध्या भागात पुढच्या बाजू व उरलेल्या अर्ध्यात पाठी छापतात, मधोमध घडी घालून चिकटवतात आणि मगच कापतात. यात कागद वाढतो, पण घडी नेमकी असली तर जुळणी चुकत नाही. तिसरा म्हणजे साध्या ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) कागदावर फक्त पुढची बाजू छापून ती जुन्या पत्त्यासह अपारदर्शक पाठीच्या पाकिटात सरकवणे. हौशी लोक हाच उपाय सर्वाधिक वापरतात. जाड कागद हवा असल्यास २५० ते ३०० जीएसएमची कार्डशीट घेतात. ती उजेडात धरल्यास पलीकडचे दिसू शकते. कारखान्यातील चांगल्या पत्त्यांत यासाठी दोन थरांमध्ये काळा थर असतो, तो घरी साधत नाही. कापण्यासाठी कात्रीपेक्षा लोखंडी पट्टी व धारदार पाते बरे.

कायदेशीर बाजू : खेळाची कल्पना व खेळण्याची पद्धत प्रताधिकाराखाली येत नाही, नियमांची शब्दरचना आणि चित्रे येतात. अमेरिकेत हे तत्त्व १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यापर्यंत जाते. भारतात २००८ मध्ये ‘स्क्रॅब्युलस’ या स्क्रॅबलसारख्या ऑनलाइन शब्दखेळाच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने स्क्रॅबलच्या पटावरील व नियमांवरील प्रताधिकाराचा दावा मानला नाही, पण नावाबाबत व्यापारचिन्हाचा दावा मान्य केला. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराला सूट आहे. स्वतःसाठी एक प्रत करणे आणि फाइल सर्वांना वाटणे यांत त्यामुळे मोठा फरक पडतो. बरेच रचनाकार हा प्रश्न आधीच सोडवतात : ‘कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ आणि ‘सीक्रेट हिटलर’ यांचे आराखडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (रचनाकाराने इतरांना वापराची खुली मुभा देण्याच्या) अव्यापारी परवान्याखाली मोफत मिळतात, तर पी. डी. मॅग्नस यांच्या ‘डेकटेट’ या पत्त्यांच्या संचावर इतरांनी अनेक नवे खेळ रचले आहेत. दुर्मीळ झालेला जुना खेळ पुन्हा रेखाटून वाटणारे हौशी लोक चित्रे नवी काढतात, नियम स्वतःच्या शब्दांत लिहितात आणि सावध असतील तर नावही बदलतात.