डीएसएलआर घेताना पडणारे प्रश्न आले कुठून?

वापरलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्समधलं चित्र आरशावरून डोळ्यापर्यंत आणणारा डिजिटल कॅमेरा, आज जितका स्वस्त मिळतो तितका पूर्वी कधी मिळत नव्हता. लग्नाचं आणि बातम्यांचं काम करणारे मिररलेसकडे (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे) वळले, त्यांच्या बॉडी आणि लेन्स बाजारात आल्या, आणि हौशी माणसाची चंगळ झाली. त्याला पडणारे प्रश्न मात्र वीस वर्षांपूर्वीचेच आहेत. फुल फ्रेम (चित्र टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा) की क्रॉप (त्याहून लहान)? कॅनन की निकॉन? किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम) घ्यायची की नुसती बॉडी घेऊन फिफ्टी (५० मिमीची लेन्स) लावायची? दुकानदार उत्तर देतो ते मेगापिक्सेलच्या हिशोबात. पण यातले बरेचसे निर्णय डिजिटल कॅमेरा जन्माला यायच्या आधीच, १९२५, १९५९ आणि १९८७ साली होऊन गेलेत. त्यांचे परिणाम आपण अजून निस्तरतोय.

आधी चौकटीचं बघू. जर्मनीत वेट्झलारला लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि डोंगरात हिंडायची हौसही होती; काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा वाहून नेणं त्याला झेपेना. सिनेमाची ३५ मिमी रुंदीची फिल्म त्याने आडवी फिरवली आणि सिनेमाच्या १८ × २४ मिमीच्या दोन चौकटींची मिळून एक केली. २४ × ३६ मिमी हे माप आलं ते असं. नमुना १९१३-१४ च्या सुमारास तयार होता, मध्ये महायुद्ध आलं, आणि लायका बाजारात यायला १९२५ उजाडलं. मोठ्या प्लेटा वापरणाऱ्यांना ही चौकट अगदीच चिमुकली वाटे. १९३४ मध्ये कोडॅकने ही फिल्म तयार भरलेल्या डबीत विकायला सुरुवात केली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक सगळ्या लेन्स याच मापासाठी घासल्या गेल्या. पन्नास मिमीची लेन्स ‘नॉर्मल’ मानतात तेही या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो म्हणूनच.

डिजिटलवाल्यांपुढे पेच पडला तो इथे. लेन्स तयार होत्या, पण एवढ्या आकाराचा सेन्सर परवडेना. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर छापतात. २४ × ३६ म्हणजे ८६४ चौरस मिमी. निकॉनचा डीएक्स, म्हणजे क्रॉप, सेन्सर साधारण ३७०. क्षेत्रफळाचा फरक दुपटीहून थोडा जास्त, किमतीचा मात्र त्याहून बराच मोठा. चकतीवर कुठे ना कुठे दोष असतोच, आणि तुकडा जितका मोठा तितका तो दोष त्याच्या वाट्याला येण्याचा संभव अधिक. त्यात गोल चकतीवर मोठे आयत बसवताना कडा वाया जातात. शिवाय चिप छापणाऱ्या नेहमीच्या यंत्राच्या एका झोतात ही चौकट मावत नव्हती. ती भागाभागांत छापून सांधावी लागे. २००२ साली कॅननने फुल फ्रेमचा वन-डीएस आणला तेव्हा त्याची किंमत आठ हजार डॉलर होती. २००५ च्या फाइव्ह-डीने ती तीन हजारांच्या थोडी वर आणली, तरी हौशी माणसाच्या आवाक्यात ती नव्हतीच.

म्हणून सर्वसामान्य डीएसएलआरना लहान सेन्सर मिळाला. निकॉनचा दीडपट क्रॉप (फुल फ्रेमची बाजू त्याच्या दीडपट), कॅननचा १.६. या आकाराला एपीएस-सी म्हणतात ते १९९६ मध्ये आलेल्या एपीएस नावाच्या फिल्मवरून. ती फिल्म काही वर्षांत गाशा गुंडाळून गेली. तिच्या एका चौकटीचं माप तेवढं मागे राहिलं.

क्रॉपबद्दल एक गैरसमज अजून जात नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढणारे हमखास सांगतात, “आपली तीनशेची लेन्स या बॉडीवर साडेचारशे होते.” लेन्स तीनशेचीच राहते. काचांनी सेन्सरवर पाडलेली रोहिताची प्रतिमा मिलिमीटरमध्ये मोजली तर फुल फ्रेमवर आणि क्रॉपवर तेवढीच भरेल. क्रॉपमध्ये फक्त भोवतालचं पाणी कापलं जातं. फायदा होतो तो वेगळ्या कारणाने. तेच चोवीस मेगापिक्सेल लहान जागेत दाटीने बसलेले असतात, म्हणून त्या पक्ष्याच्या वाट्याला जास्त पिक्सेल येतात आणि पिसं अधिक बारकाईने उतरतात. पक्ष्यांचा नाद असणाऱ्याला त्यामुळे क्रॉप बॉडी खरोखरच स्वस्तात पडते. वाड्याची किंवा देवळाच्या सभामंडपाची आतली बाजू टिपणाऱ्याला ती नडते, कारण त्याची २४ मिमीची वाइड लेन्स इथे ३६ सारखी वागते.

आता आरसा. लेन्समधून येणारं चित्रच डोळ्याला दिसावं ही कल्पना जुनी. ३५ मिमीमध्ये ती ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाने १९३६ साली रुजवली. त्यात मात्र वरून खाली वाकून बघायचं आणि चित्र डावं-उजवं उलटं. १९४९ च्या कॉन्टॅक्स एसमध्ये पंचकोनी लोलक आला आणि डोळ्यासमोर कॅमेरा धरून सरळ चित्र दिसू लागलं. फोटो काढल्याबरोबर आरसा आपोआप खाली यायची सोय जपानच्या असाहीने १९५४ मध्ये केली. १९५९ च्या निकॉन एफने हे सगळं एका दणकट पेटीत आणलं आणि सोबत लेन्सचा अख्खा संसार दिला. पुढच्या दोन दशकांत वार्ताहरांच्या गळ्यात तोच दिसायचा.

आरशाला उघडझाप करायला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागते. निकॉनमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे, कॅननच्या ईएफ मालिकेत ४४. वाइड लेन्सला एवढं लांब राहून काम करणं जड जातं. फ्रान्सच्या आंजेन्यूने १९५० मध्ये त्यासाठी उलट्या टेलिफोटोसारखी रचना काढली, पण तिला काचा जास्त लागतात. एसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) चांगल्या वाइड लेन्स मोठ्या आणि महाग असण्याचं हे एक कारण. दोघांतल्या अडीच मिलिमीटरच्या फरकाचा परिणाम मात्र जुन्या लेन्स जमवणाऱ्यांच्या फायद्याचा आहे. निकॉनची लेन्स अडीच मिमी जाडीचं कडं लावून कॅननवर नीट चालते. कॅननची निकॉनवर लावली तर दूरचं काही स्पष्ट होत नाही. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत रशियन झेनिट बरेच आले. कुणाच्या तरी काकांच्या कपाटात तो असतोच, आणि त्यावर हेलिओस ही ५८ मिमीची स्क्रूची लेन्स. तिला लागणारं अंतर साडेपंचेचाळीस मिमी. म्हणजे कॅननच्या क्रॉप बॉडीवर साध्या कड्याने बसते, फोकस हाताने करायचा, आणि पोर्ट्रेटला पार्श्वभूमी अशी भोवरत जाते की पुन्हा किट लेन्स लावाविशी वाटत नाही. निकॉनवर तीच लेन्स चार पावलांपलीकडे आंधळी होते.

आणि मग माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे अडकते ते कडं. माझ्या मते नवशिक्याने बॉडीच्या आधी विचार करावा तो याचा. निकॉनने १९५९ चं एफ माउंट डीएसएलआरमध्येही सोडलं नाही. १९७७ मध्ये लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) बॉडीला कळवायची नवी पद्धत आली, त्याआधीच्या लेन्स काही बॉडींवर जबरदस्तीने फिरवल्या तर आतली कळ मोडते. पण कड्याचं माप तेच राहिलं. ऑटोफोकसने खरी कसोटी पाहिली. १९८५ मध्ये मिनोल्टाने फोकसची मोटर बॉडीत बसवून सगळ्यांना मागे टाकलं. निकॉनने दुसऱ्याच वर्षी तोच मार्ग धरला. बॉडीच्या कड्यातून स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखं एक बारीक पातं बाहेर डोकावतं, ते लेन्सच्या खाचेत बसतं आणि घर्रर्र आवाज करत काचा पुढेमागे सरकवतं. कॅननने १९८७ मध्ये आपलं एफडी माउंट सरळ टाकून दिलं आणि ईएफ आणलं. त्यात एकही यांत्रिक दुवा नाही, सगळा कारभार विजेच्या टोकांवरून. प्रत्येक लेन्समध्ये स्वतःची मोटर आणि कड्याची आतली रुंदी ५४ मिमी, निकॉनची ४४. ज्यांनी पै पै साठवून एफडी लेन्स घेतल्या होत्या त्यांना हा दगा वाटला तर नवल नाही.

या दोन निर्णयांचे परिणाम कळायला वीस वर्षं लागली. २००६ मध्ये निकॉनने डी-४० हा छोटा, स्वस्त बॉडीचा कॅमेरा काढला आणि खर्च वाचवायला त्यातलं ते पातं व मोटर काढून टाकली. पुढे डी-३००० आणि डी-५००० या सगळ्या मालिका अशाच आल्या. निकॉनची सर्वात स्वस्त आणि चांगली प्राइम (झूम न होणारी लेन्स) तेव्हा ५० मिमी एफ/१.८ डी, तिच्यात मोटर नाही. ती डी-४० वर बसते, उजेडाचं मोजमाप करते, फोटो काढते, पण फोकस हातानेच. तिच्या बरोबरीची कॅननची प्लास्टिकच्या कड्याची फिफ्टी कॅननच्या सगळ्यात स्वस्त डीएसएलआरवरही स्वतः फोकस करते. कित्येकांनी केवळ एवढ्यामुळे कॅनन घेतला. निकॉनने क्रॉपसाठी मोटरवाली ३५ मिमी एफ/१.८ आणली २००९ मध्ये आणि फिफ्टी एफ/१.८ मोटरवाली झाली २०११ मध्ये. आज वापरलेली निकॉन प्राइम बघताना नावात एएफ-एस (मोटरवाली) आहे की नुसतं एएफ, हे आधी वाचावं. कॅननकडे याच्या उलट काळजी: ईएफ-एस, म्हणजे क्रॉपसाठीच्या, लेन्स त्यांच्या फुल फ्रेमवर बसतच नाहीत, निकॉनच्या डीएक्स मात्र बसतात आणि बॉडी आपोआप चौकट कापून घेते.

डिजिटलचा स्वतःचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये बनवलेला कॅमेरा दहा हजार पिक्सेलचं कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेई. त्याच कंपनीच्या ब्राइस बायरने सेन्सरवर लाल, निळ्या आणि दुप्पट हिरव्या ठिपक्यांची जाळी सुचवली. तीच आज जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात आहे. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ-३ ला पाठ जोडून १.३ मेगापिक्सेलचा डीएसएलआर विकला, त्याची हार्ड डिस्क वेगळी खांद्याला अडकवायची. १९९९ चा निकॉन डी-१ पाच हजार डॉलरच्या आसपास होता आणि वर्तमानपत्रांनी तो उचलला.

हौशी लोकांसाठी दार उघडलं ते २००३ मध्ये, कॅनन ३००डी ने. सहा मेगापिक्सेल, बॉडी ८९९ डॉलर आणि १८-५५ लेन्ससह ९९९. पुढच्या वर्षी निकॉनने डी-७० आणून उत्तर दिलं. ही १८-५५ ची रेंज आली कुठून? १.६ ने गुणा: २९ ते ८८. फिल्मच्या काळात स्वस्त एसएलआरसोबत २८-८० किंवा २८-९० झूम मिळे, तिचंच हे क्रॉपसाठी केलेलं रूप. शंभर डॉलरमध्ये बसवायची म्हणून अ‍ॅपर्चर ३.५ ते ५.६, म्हणजे छिद्र लहान आणि उजेड कमी; संध्याकाळच्या दिवाणखान्यात मुलांचे फोटो हलतात ते त्यामुळे. तरी किट लेन्सला नावं ठेवायची फॅशन मला पटत नाही. दिवसाउजेडी एफ/८ वर ती किल्ल्याचा बुरूज छान टिपते, आणि आपल्याला नेमकी कुठली फोकल लेंथ (किती मिमीची लेन्स) लागते हे तिच्याशिवाय समजणं कठीण.

आपल्याकडे हा बहर आला तेव्हा मुंबईकर फोर्टातल्या बोरा बाजारात जात. बिलाचा भाव एक, बिनबिलाचा दुसरा, आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची हे ज्याचं त्याने विचारायचं. छत्तीस फोटोंच्या रोलमागे धुलाई आणि प्रिंटचा खर्च मोजणाऱ्या पिढीला फुकटात शंभर चुका करता येणं हीच खरी चैन होती. २००८ मध्ये निकॉन डी-९० आणि कॅनन फाइव्ह-डी मार्क टू व्हिडिओ काढू लागले आणि लग्नाच्या शूटिंगचा बाजच पालटला.

त्याच वर्षी पॅनासॉनिकने आरसा काढून टाकलेला जी-वन आणला. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम मिररलेस काढला. निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये त्या वाटेने गेले. आरसा गेल्यावर अंतर निकॉनमध्ये १६ मिमीवर आलं, कॅननमध्ये २० वर. त्यामुळे जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टरने नव्यावर बसतात, नव्या जुन्यावर नाहीत. कॅननच्या सगळ्या ईएफ लेन्स अशा जोडणीतून पूर्ण ऑटोफोकस करतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकस फिरवणारं ते पातं नाही. बिनमोटरच्या डी लेन्सचा फोकस तिथेही हातानेच.

जुनी लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावं. कोकणात आणि मुंबईत चार पावसाळे बंद बॅगेत काढलेल्या लेन्सला बुरशी धरलेली असते, आणि ती काचेवरचा लेप खाते. बॉडीचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारावा. आणि नवा कोरा डीएसएलआरच हवा असेल तर पेंटॅक्सकडे बघावं: सोनीने २०२१ मध्ये आपली आरशाची मालिका थांबवली, निकॉन आणि कॅननचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० चे, पेंटॅक्सने मात्र २०२३ मध्येही फक्त कृष्णधवल फोटो काढणारा एक नवा डीएसएलआर बाजारात आणला.