आखाजी ते आखाजी: सालदारकीमागचा इतिहास

खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि त्याच दिवशी पुढचं ठरतं. करार तोंडी. सालाची रक्कम, तिच्यातली सुरुवातीची उचल, जोडीला ठरलेलं धान्य. कामाला ठरलेली वेळ नाही: पहाटे बैलांचं चारापाणी, दिवसभर शेत, रात्री पाण्याची पाळी. गैरहजेरीचा प्रत्येक दिवस म्हणजे खाडा. सालाची रक्कम दिवसांवर वाटली तर पडणारा रोज सुट्या मजुराच्या रोजापेक्षा कमी भरतो. खाडा मात्र सुट्या मजुराच्या रोजाने कापला, की आजारपणाच्या एका दिवसाला एकाहून जास्त दिवसांची कमाई जाते. उचल फिटत नाही, बाकी पुढच्या सालावर चढते. हिशेबाची वही मालकाकडे असते, आणि आमच्या मते सगळ्या व्यवहाराचं मर्म तिथेच आहे.

शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीवर राबणाऱ्या सालदारांत भिल्ल मोठ्या संख्येने होते. त्यांतल्या अनेकांच्या घरची जमीन कधीकाळी स्वतःची होती. ती गेली कशी?

इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश घेतला. भिल्लांना आवरण्यासाठी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली, काहींना जमीन आणि तगाई (सरकारी शेतकर्ज) देऊन वसवलं. पुढे जमिनीची मोजणी आली. सावदा-फैजपूर भागात १८५२ साली शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला, तरी ती झाली. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर, त्यावर एकाचं नाव आणि रोखीने भरायचा ठरावीक शेतसारा. नावावरची जमीन आता गहाण टाकता येत होती, विकताही येत होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे खान्देशात पोहोचली आणि याच जमिनीवर सावकाराची नजर बसली.

रोख नसलेल्या घराला पावसाळ्यात दाणे लागत. ते सवाईने किंवा दिढीने मिळत: आषाढात चार मण घेतले, तर सुगीला सवाईने पाच, दिढीने सहा परत. चार-पाच महिन्यांत २५ ते ५० टक्के. आषाढात धान्य महाग, सुगीला स्वस्त. म्हणून कर्ज आषाढाच्या भावाने रुपयांत लिहून सुगीच्या भावाने दाण्यांत वसूल केलं, तर बोजा आणखी वाढे. एक पीक बुडालं की गहाणखत, मग खरेदीखत, खाली अंगठा.

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना, मालक ठरवलं. ज्याचं नाव कूळ म्हणून दप्तरी लागलंच नव्हतं, त्याच्या हाती काही आलं नाही.

शहाद्यात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल समाजातलाच कार्यकर्ता पुढे होता. मजुरी, सालदारांच्या अटी आणि गेलेल्या जमिनी हे प्रश्न एकत्र मांडले गेले, हे या चळवळीचं मोठं काम. त्याच काळात राज्याने कायदे बदलले. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूदही झाली.

दावा मात्र कागदावर अडतो. व्यवहार १९५७ च्या आधीचा असेल तर तो या कायद्यात बसत नाही. जमीन ६ जुलै १९७४ पर्यंत बिगरशेती वापरात गेली असेल तरी तेच. म्हणून पहिलं काम एकच: आजच्या सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, क्रमाने काढायचे आणि नाव कोणत्या तारखेला, कोणत्या दस्ताने बदललं ते पाहायचं.