चालत्या गाड्यांमधले संदेश आणि वाटेचा वाद: पार्श्वभूमी

चालत्या गाड्यांनी एकमेकींचे संदेश पुढे पोचवावेत, या कल्पनेचं मूळ १९७०च्या दशकातल्या लष्करी पॅकेट-रेडिओपर्यंत, म्हणजे संदेशाचे छोटे तुकडे (पॅकेट) करून पाठवणाऱ्या रेडिओपर्यंत जातं. पण विषयाला खरा जोर आला तो १९९९ नंतर. त्या वर्षी अमेरिकेने रेडिओ लहरींच्या पट्ट्यातले ५.९ गिगाहर्ट्झजवळचे ७५ मेगाहर्ट्झ वाहतुकीच्या संदेशांसाठी राखून ठेवले.

हाताशी होते ते मोबाइल अॅड-हॉक नेटवर्कचे, म्हणजे टॉवरविना आपसात जोडल्या जाणाऱ्या फिरत्या उपकरणांच्या जाळ्याचे प्रोटोकॉल (संदेश नेण्याचे नियम). त्यातला एओडीव्ही गरज पडल्यावर मार्ग शोधतो, ओएलएसआर तो आधीच तयार ठेवतो. दोन्हींचे मसुदे २००३ मध्ये प्रायोगिक दर्जाने प्रसिद्ध झाले. रस्त्यावर मात्र दोन्ही लंगडे पडले. समोरासमोरून ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या दोन गाड्या घ्या. रेडिओचा पल्ला ३०० मीटर धरला, तर त्या एकमेकींच्या टप्प्यात जेमतेम ११ सेकंद असतात. मधल्या चार-पाच गाड्यांतून जाणारा मार्ग ठरेपर्यंत त्यातली एखादी कडी निखळलेली असायची.

म्हणून मार्ग लक्षात ठेवणंच सोडून द्या, असं म्हणणारा पंथ पुढे आला. २००० मध्ये मांडलेल्या जीपीएसआर या पद्धतीत प्रत्येक गाडी फक्त शेजाऱ्यांची जागा पाहते आणि मुक्कामाच्या सर्वांत जवळ असलेल्याला पॅकेट देते. महामार्गावर हे छान चालतं. शहरात इमारती आड आल्या की पॅकेट अशा गाडीपाशी अडकतं जिच्यापेक्षा मुक्कामाला जवळचं कोणीच टप्प्यात नसतं. मग रस्त्यांचा नकाशा वापरणारे, चौकातल्या गाड्यांना प्राधान्य देणारे, गाडी मिळेपर्यंत पॅकेट सोबत वाहून नेणारे असे प्रकार निघाले. यातले बरेच सिम्युलेशनच्या बाहेर कधी आलेच नाहीत. सुरुवातीच्या सिम्युलेशनमध्ये तर गाड्या मोकळ्या मैदानात वाटेल त्या दिशेला फिरायच्या, हेही सांगायला हवं.

खरा वाद झाला तो प्रमाणीकरणाच्या टेबलावर. अमेरिकी बाजूने सुरक्षा-संदेशांसाठी मार्गनिवडीला फाटाच दिला: प्रत्येक गाडीने आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला साधारण दहा वेळा प्रसारित करावी, ऐकणाऱ्याने ऐकावी, पुढे कोणी पाठवू नये. कारण साधं होतं. टक्कर टाळायला जवळच्याच गाड्यांची माहिती लागते, आणि चॅनेल दहा मेगाहर्ट्झचा. दाट वाहतुकीत प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं पुन्हा सांगू लागला तर कोणाचंच ऐकू येणार नाही. युरोपने नेहमीचे स्थिती-संदेश एकाच उडीचे (थेट ऐकू येणाऱ्या गाड्यांपुरते) ठेवले, पण धोक्याची सूचना ठरावीक भूभागात अनेक उड्यांनी पसरवण्याची सोय प्रमाणात ठेवली. तिथली एक पद्धत मला आजही सर्वांत देखणी वाटते. पाठवणारा कोणालाच निवडत नाही. ऐकणारी प्रत्येक गाडी घड्याळ लावते, पाठवणाऱ्यापासून जितकी दूर तितकं लवकर संपणारं. पहिली बोलली की तिला ऐकणाऱ्या बाकीच्या गप्प बसतात.

अमेरिकी निर्णय चुकीचा नव्हता. पण वळणापलीकडचा अपघात मागच्या दोन किलोमीटरवरच्या गाडीला कसा कळणार, हा प्रश्न त्याने रस्त्याकडेच्या उपकरणांवर ढकलला, आणि ती उपकरणं फारशी बसलीच नाहीत. गोपनीयतेनेही भर घातली. माग काढता येऊ नये म्हणून गाडीचा नेटवर्कवरचा पत्ता वरचेवर बदलतो, त्यामुळे शेजाऱ्यांची यादी बघता बघता शिळी होते.

पुढची दहा-पंधरा वर्षं वाटेपेक्षा रेडिओवरच भांडण्यात गेली. वायफाय घराण्यातलं ८०२.११पी हे रेडिओ-प्रमाण २०१० मध्ये मंजूर झालं. २०१७ मध्ये मोबाइल घराण्याचा, टॉवरविना थेट गाडीशी बोलणारा पर्याय आला. २०१९ मध्ये वायफायकडे झुकणारा युरोपीय नियम सदस्य देशांनी फेटाळला. २०२० मध्ये अमेरिकेने ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त वापराला देऊन टाकले आणि उरलेले ३० मोबाइल घराण्याच्या तंत्राकडे वळवले. अंतिम नियम २०२४ मध्ये आले. दरम्यान ५जीच्या आवृत्तीत एका गाडीशी किंवा ठरावीक गटाशी थेट बोलण्याची सोय झाली. त्यापलीकडचं अंतर आता बहुतेक योजनांत टॉवर आणि सर्व्हरच्या वाट्याला गेलं आहे.