जेजुरीचा भंडारा आणि सोळा कोअर

भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका दुकानाच्या कोटेशनचा फोटो पाठवला. सोळा कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये हिशेब करणारे सोळा गडी असलेला इंटेल प्रोसेसर, नावाच्या शेवटी 'एफ'. आरटीएक्स ४० मालिकेतलं ग्राफिक कार्ड. १६ जीबीची एकच रॅम, पण तिच्यावर रंगीत दिव्यांची रोषणाई. सेकंदाला १४,००० एमबी वाचणारी एसएसडी, म्हणजे फाईली साठवायची न फिरणारी डिस्क. आणि सगळ्यात खाली, जरा अंग चोरून, 'एसएमपीएस – लोकल', म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. फोटोखाली प्रश्न: "मामा, गेमिंग आणि एडिटिंग दोन्ही मख्खन चालेल ना?"

या यादीमागे जेजुरी आहे. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, भंडारा उधळून आभाळ पिवळं होतं. भाच्याने ते सगळं फोनवर ४के मध्ये टिपलं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ नुसता लावला की सुरळीत चालायचा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून माउसने मागेपुढे सरकवायला लागलं, की चित्र अडकायचं, मग एकदम उडी मारून भलतीकडेच पोचायचं. निदान त्याने स्वतःच केलं: मशीन कमजोर आहे, कोअर वाढवले पाहिजेत.

निदान चुकलंय. का चुकलंय ते सांगायचा मोह मला आवरत नाही, तेव्हा खरेदीचा सल्ला थोडा उशिरा मिळेल.

आधी एक गुणाकार. ४के चं एक चित्र म्हणजे ३८४० गुणिले २१६०, अर्थात ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एका चित्राचे झाले जवळपास २५ एमबी. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे साडेसातशे एमबी, आणि मिनिटाला ४५ जीबी. आता भाच्याच्या फोनमधली एका मिनिटाची फाईल बघा: साधारण ३५० एमबी. उरलेलं गेलं कुठे?

जुन्या हिशेबाच्या वह्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना 'कित्ता' आठवत असेल. वरच्या ओळीत जे लिहिलंय तेच खाली लिहायचं असेल, तर पूर्ण मजकूर परत कशाला? 'कित्ता' लिहायचं आणि पुढे जायचं. फोन अगदी हेच करतो. एक चित्र पूर्ण लिहितो, त्याला आय-फ्रेम म्हणतात. पुढच्या चित्राबद्दल फक्त एवढंच: गडाच्या पायऱ्या, कित्ता. दीपमाळ, कित्ता. पालखीचा हा चौकोन मागच्या चित्रात होता तोच, फक्त चार ठिपके डावीकडे आणि दोन खाली सरकलेला. या 'किती सरकला' ची नोंद पाव ठिपक्याइतकी बारीक ठेवता येते. अशा चित्राला पी-फ्रेम म्हणतात. त्याहून बिलंदर बी-फ्रेम: ती मागच्या चित्राकडून उसनं घेते आणि पुढे येणाऱ्या चित्राकडूनही. त्यामुळे फाईलमध्ये चित्रं ज्या क्रमाने लिहिलेली असतात तो क्रम आणि पडद्यावर दिसण्याचा क्रम वेगळा असतो. पुढचं आधी उलगडायचं, मधलं नंतर.

वही सुरुवातीपासून वाचत गेलात तर 'कित्ता' चा काही त्रास नाही. पण कुणी अचानक मधलं पान उघडून "या ओळीत काय आहे?" विचारलं, तर वर वर बोट नेत शेवटची पूर्ण लिहिलेली ओळ शोधावी लागते. एडिटिंग म्हणजे दिवसभर हेच. समजा ३० चित्रांमागे एक आय-फ्रेम आहे आणि भाचा एकेक चित्र मागे जातोय. सॉफ्टवेअर भाबडं असेल, तर तिसावं दाखवायला ३० चित्रं उलगडायची, एकोणतिसावं दाखवायला पुन्हा पहिल्यापासून २९, मग २८... बेरीज ४६५. एका सेकंदाचा व्हिडिओ उलटा बघायला पंधरा सेकंदांचं काम. खरी सॉफ्टवेअर उलगडलेली चित्रं रॅममध्ये धरून ठेवतात म्हणून इतकी दैना होत नाही, पण अडखळण्याचं मूळ हेच.

यात अजून एक थर आहे. 'कित्ता' म्हणूनही जे उरतं, ते लहान चौकोनांत तोडून लाटांच्या भाषेत लिहिलं जातं: या चौकोनात सपाट रंग किती, हलके चढउतार किती, बारीक खडबड किती. या युक्तीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. बंगळुरूचे नासिर अहमद यांना ती १९७२ च्या सुमारास सुचली, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांनी अमेरिकेत त्यासाठी संशोधन निधी मागितला होता आणि तो नाकारला गेला. आज तुमच्या फोनमधला प्रत्येक जेपीजी फोटो त्या कल्पनेवर उभा आहे, व्हिडिओची एच.२६४ आणि एचईव्हीसी ही मानकंही तिचीच पूर्णांकी रूपं वापरतात. डोळ्याला बारीक खडबड फारशी जाणवत नाही, म्हणून तिच्यावर पहिली कात्री चालते.

आणि मग शेवटची गाठ. उरलेले आकडे ज्या पद्धतीने शून्य-एकमध्ये बांधतात तिला कॅबॅक म्हणतात. प्रत्येक पुढचा अंक शून्य असेल की एक, याचा अंदाज आत्तापर्यंत काय आलं त्यावरून बांधला जातो, आणि अंदाज जितका पक्का तितकी कमी जागा लागते. उलगडताना तोच अंदाज त्याच क्रमाने पुन्हा बांधावा लागतो. आधीचा अंक हातात आल्याशिवाय पुढच्याचा अर्थच लागत नाही. ही अंताक्षरी आहे. सोळा गायक बसवा नाहीतर सोळाशे, आधीचं गाणं संपून त्याचं शेवटचं अक्षर कळल्याशिवाय पुढच्याला तोंड उघडता येत नाही. ग्राफिक कार्डातले हजारो कोअरही इथे कुचकामी, कारण त्यांची ताकद एकाच वेळी हजार सारखी कामं करण्यात आहे. (वेगवेगळ्या फ्रेम थोड्या थोड्या अंतराने चालू ठेवून सॉफ्टवेअर काही कोअरना कामाला लावतं. अगदीच एकटा गडी राबतो असं नाही. पण कोअर दुप्पट म्हणून वेग दुप्पट, हे गणित इथे मोडतं.)

एवढं वाचून ज्यांचं डोकं गरगरलं त्यांनी फक्त अंताक्षरी लक्षात ठेवली तरी चालेल.

यावर चिप बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा आहे. या एकाच कामासाठी सिलिकॉनचा एक छोटा कोपरा राखून ठेवायचा. त्याला दुसरं काही येत नाही, पण हे तो चिमूटभर विजेत करतो. तुमचा फोन पंख्याशिवाय तासभर ४के दाखवतो तो याच कोपऱ्याच्या जिवावर. इंटेलने तो २०११ पासून 'क्विक सिंक' या नावाने प्रोसेसरमध्ये बसवला आहे. मात्र तो प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सच्या भागात राहतो, आणि नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये तो भाग बंद असतो. म्हणून तर 'एफ' थोडा स्वस्त.

भाच्याला वाटलं, ग्राफिक कार्ड आहे ना! आहे, आणि त्यातही असा कोपरा असतो. फोनच्या व्हिडिओला तो पुरेल. पण स्वारी मित्राचा मिररलेस कॅमेरा घेऊन लग्नाच्या ऑर्डरी घेणार आहे, आणि तो कॅमेरा १०-बिट (रंगाच्या जास्त छटा धरणारं) ४:२:२ लिहितो. फोन सहसा ४:२:० लिहितो: उजेड प्रत्येक ठिपक्याचा, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक, कारण डोळा रंगाच्या बारकाव्यात आळशी असतो. ४:२:२ मध्ये दोन ठिपक्यांना एक रंग. नवरीच्या शालूचा रंग नंतर सुधारायचा तर हा फरक फार कामाचा. आरटीएक्स ४० पर्यंतच्या जीफोर्स (एनव्हिडियाच्या) कार्डांना एचईव्हीसीमधलं ४:२:२ उलगडताच येत नाही, ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आलं. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला मात्र ११ व्या पिढीपासून येतं. म्हणजे यादीतलं ते एक अक्षर खोडलं, तर दोन-चार कोअर कमी घेऊनही मशीन त्याच्या कामाला जास्त वेगवान ठरेल.

आता त्या १४,००० च्या एसएसडीचं बघू. मिनिटाला ३५० एमबीचा व्हिडिओ चालवायला सेकंदाला लागतात सहा एमबी. सहा! जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना शंभराच्या वर देते. निम्म्या वेगाची एसएसडी घे आणि त्याच पैशात दुप्पट जागेची घे, एवढंच मी त्याला लिहिलं.

वेगाचा विषय निघालाय तर आपल्याकडचा एक विधीही सांगून टाकतो. कॉम्प्युटर सुरू केला की उजवं बटण दाबून पाच-सात वेळा 'रिफ्रेश'. दुकानदार करतात, इंजिनिअर करतात, बँकेतले साहेब करतात. त्याने डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा रंगवली जातात, बाकी काही होत नाही. रॅम 'मोकळी' होत नाही, मशीन 'ताजं' होत नाही. नारळ वाढवला तर निदान खोबरं तरी मिळतं.

गेमिंगचं थोडक्यात. एडिटिंगमध्ये आधीच बनलेलं चित्र उलगडायचं असतं, खेळात ते घडवायचं असतं. सेकंदाला ६० चित्रं हवीत तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद, १४४ हवीत तर सातहूनही कमी. रंगकाम ग्राफिक कार्डाचं, कोण कुठे आहे आणि गोळी कुणाला लागली हा हिशेब प्रोसेसरचा. हा हिशेब करताना प्रोसेसर सतत मेमरीत इकडेतिकडे धावतो, म्हणून खेळाला कोअरपेक्षा जवळची मेमरी, म्हणजे कॅश, भावते. एएमडीने २०२२ साली प्रोसेसरवर ६४ एमबी जास्तीची कॅश माळ्यासारखी चढवली आणि आठ कोअरचा तो प्रोसेसर खेळात जास्त कोअरवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसला. भाच्याचा मॉनिटर १०८० चाच आहे, ठिपके ४के च्या बरोबर चौथाई. त्याला सगळ्यात महाग कार्डाची काही गरज नाही.

रॅम एक १६ ची नको, दोन १६ च्या हव्यात. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे दोन रस्ते मिळतात. एकच पट्टी म्हणजे घाटातला एकेरी रस्ता. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव असे चढले, की हे वाक्य लिहिताना मला अपराधी वाटलं. पण रोषणाईचे पैसे वाचव म्हटलं. आणि 'लोकल' एसएमपीएस अजिबात नको, यावर चर्चा नाही. ग्राफिक कार्ड क्षणार्धात विजेची मागणी खूप वाढवतं, तेव्हा डब्यावर छापलेले वॅट खरे होते की नाही ते कळतं. '८० प्लस' चा शिक्का असेल तर चांगलंच, पण तो किती वीज वाया जात नाही एवढंच सांगतो.

आणि हे सगळं येईपर्यंत जुन्या मशीनवर फुकटचा उपाय आहे, तो म्हणजे प्रॉक्सी. रात्री झोपताना सॉफ्टवेअरला सांगायचं, की सगळ्या व्हिडिओच्या लहान प्रती कर, आणि अशा फॉर्मॅटमध्ये कर ज्यात प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेलं असतं, 'कित्ता' कुठेच नाही. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर ही त्यांची नावं. गंमत बघा: एचडी आकाराची प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला साडेपाच एमबीच्या आसपास घेते, म्हणजे जवळजवळ फोनच्या ४के फाईलइतकीच. एमबी तितकेच, पण मागेपुढे सरकवलं की चित्र बोटाबरोबर हलतं. शेवटी फाईल बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ ४के वापरतं.

भाच्याने ते करून पाहिलं आणि रात्री साडेबाराला फोन केला. व्हिडिओ लोण्यासारखा सरकतोय, पण भंडारा उधळतो त्या जागी सगळं चौकोनी चौकोनी दिसतंय, मूळ फाईलमध्येही. नवा कॉम्प्युटर आला की ते जाईल ना?

नाही जाणार. भंडाऱ्याचा प्रत्येक कण आपल्या मर्जीने उडतो. मागच्या चित्रात तो तिथे नव्हता, म्हणून 'कित्ता' लिहिता येत नाही. वरून सगळी बारीक खडबड, म्हणजे कात्रीची पहिली गिऱ्हाईकं. सेकंदाला ठरलेल्या सहा एमबीत फोनला ते मावलं नाही आणि त्याने ते तिथेच, जेजुरीत, टाकून दिलं.

"मग पुढच्या सोमवतीला काय करू?"

फोनच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहायचा तो आकडा, वाढवता येतो का बघ, म्हटलं, आणि एफवालं कोटेशन आधी बदलून आण.