सत्कार (मराठवाडा)

सत्कार : एखाद्याचे कर्तृत्व चारचौघांत मान्य करून त्याला मान देण्याची रीत. फेटा, शाल-श्रीफळ, आहेर, इनाम, बिदागी आणि मानपत्र ही तिची मराठवाड्यातील ओळखीची रूपे. दिलेली वस्तू बहुधा साधीच असते. ती कोणाच्या हातून आणि किती जणांच्या देखत मिळाली, यावर मानाचे वजन ठरते.

‘इनाम’ हा शब्द मूळ अरबी. निजामाच्या राजवटीत चाकरीबद्दल मनसब (दरबारी हुद्दा) व जागीर (महसुलाच्या हक्काची जमीन) मिळे. देवस्थान किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी खिदमतमाश, तर विद्वान व धार्मिक व्यक्तींच्या चरितार्थासाठी मदतमाश जमिनी दिल्या जात. हैदराबाद राज्याच्या 1954च्या कायद्याने बरीच इनामे रद्द झाली, पण जमिनीच्या कागदांवर आणि तंट्यांत हे शब्द अजून भेटतात.

बक्षीस या अर्थाने इनाम खऱ्या अर्थाने जिवंत आहे ते कुस्तीच्या फडात. गावच्या जत्रेत किंवा उरुसात हलगी कडाडू लागली की आधी लहान पोरांच्या जोड्या सुटतात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग आकडा चढत जातो आणि सूर्य कलताना मानाची कुस्ती लागते. रक्कम गावच्या वर्गणीची असते. जिंकलेला गडी अंगावरच्या मातीसकट फडाला फेरी मारतो. बसलेली माणसे दहा-वीसच्या नोटा त्याच्या हातावर ठेवतात, एखादा थकलेला पैलवान पाठीवर थाप देतो. त्या थापेची किंमत पोराला आयुष्यभर कळत राहते. कुस्ती बरोबरीत सुटली, तर इनाम दोघांत वाटून देतात. हरलेलाही पुष्कळदा रिकाम्या हाताने जात नाही. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे मातीच्या याच परंपरेतून पुढे आला. 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले आणि 2020 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले.

स्पर्धा परीक्षेत पोरगा किंवा पोरगी उत्तीर्ण झाली की वेशीपासून मिरवणूक निघते : गुलाल, हलगी, पेढे, चौकात फ्लेक्स. या सोहळ्यात आईवडिलांचा सत्कार अनेक ठिकाणी आवर्जून होतो. बापाला फेटा बांधतात, आईची खणा-नारळाने ओटी भरतात. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबलेली बाई खुर्चीवर अवघडून बसते, पदर सावरते आणि माइक पुढे आला की तिला बोलणे सुचत नाही. सगळ्या कार्यक्रमातला खरा क्षण तोच असतो.

कीर्तनकार व शाहिरांना बिदागी देतात. छत्रपती संभाजीनगरातील समारंभांत सूत-रेशमाची हिमरू शाल पांघरली की पाहुण्याबरोबर विणकराचाही मान राखला जातो. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांना 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, गौरवण्याची प्रथा आहे. 1972 मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्वातंत्र्यसैनिकांना दिलेली ताम्रपत्रे अनेक घरांत भिंतीवर जपलेली आढळतात.

मानाचा हा पसारा सगळ्यांपर्यंत पोचत नाही, ही त्यातली मोठी उणीव. व्यासपीठावरच्या पाहुण्यांचेच हारतुरे इतके लांबतात की सत्कारमूर्तीच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटे उरतात. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, पहाटे कोयता घेऊन फडात उतरणारी ऊसतोड मजूर बाई यांचे नाव पत्रिकेत क्वचितच छापले जाते. गावाने त्यांना आधी बोलवायला हवे.

राबणाऱ्याला मान देण्याची सर्वांत जुनी रीत पोळ्यात टिकून आहे. श्रावण अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात : ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर झूल पडते, शिंगांना बेगड लागते. पुरणपोळी आधी त्याला भरवतात, मग घरची पंगत बसते.