नोकरी, लढाई आणि पेन्शन

साताऱ्याजवळचे अपशिंगे हे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण कामी आले. अशा गावांतल्या माजी सैनिकाला लढाईबद्दल विचारा. बहुतेक वेळा उत्तर तीन शब्दांत आटोपते, 'आम्ही नोकरी केली'. शौर्य, बलिदान हे शब्द सत्काराच्या भाषणातले. तोच माणूस पेन्शनची थकबाकी मात्र रुपया-पैशासकट सांगतो. ऐकणाऱ्याला हे विसंगत वाटते. पण नोकरी म्हटली की हिशोबही आलाच.

हा हिशोब जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 25 लाख भारतीय फौजेत होते. इटलीतल्या सेनिओ नदीवर एप्रिल 1945 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले, मराठा पलटणीचे. युद्ध संपले आणि लाखो जणांना घरी पाठवण्यात आले. साध्या पेन्शनला 15 वर्षांची सेवा लागते, ती त्यांची कुठून भरणार? आफ्रिका, इटली पाहून आलेली माणसे पुन्हा शेतीला किंवा मुंबईच्या गिरणीत लागली. अशांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचे मासिक अनुदान मिळू लागले, तेही जिल्हा सैनिक कार्यालयाचे उंबरे झिजवून.

ज्यांना पेन्शन होती त्यांचे दुखणे वेगळे. जवान पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनीत येतो. मुलांच्या फिया, घराचे काम सगळे पुढेच असते. 1973 पूर्वी जवानाला शेवटच्या पगाराच्या 70 टक्के पेन्शन होती आणि तिसऱ्या वेतन आयोगानंतर ती घटली, असे माजी सैनिकांच्या संघटना सांगत आल्या. पुढे प्रत्येक आयोगागणिक फरक वाढला. हुद्दा तोच, सेवा तितकीच, पण आधी निवृत्त झालेल्या हवालदाराच्या हातात कमी पैसे.

माझ्या मते खरा आधार मिळाला तो 1982 च्या 'नकारा विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. 'नोकरी केली' म्हणणारा तरी दुसरे काय म्हणत होता?

त्यानंतर संसदेच्या कोश्यारी समितीने 2011 मध्ये समान हुद्दा, समान पेन्शनची शिफारस केली. 2015 च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर पदके लावून म्हातारे शिपाई धरणे धरून बसले. नोव्हेंबरात आदेश निघाला: 1 जुलै 2014 पासून लागू, दर पाच वर्षांनी फेरआढावा. माजी सैनिकांना फेरआढावा दरवर्षी हवा होता. 2022 मध्ये न्यायालयाने सरकारचेच सूत्र मान्य केले.

पेन्शन चालू राहावी म्हणून हयातीचा दाखला मात्र दरवर्षीच द्यावा लागतो.