डेव्हर, जो

(१२ फेब्रुवारी १९५६ – २९ नोव्हेंबर २०१६). इंग्रज अद्‌भुतकथालेखक, खेळरचनाकार आणि ‘लोन वुल्फ’ या गेमबुक मालिकेचे कर्ते. जन्म लंडनलगतच्या एसेक्स भागात. आरंभी त्यांनी व्यावसायिक संगीतकार म्हणून काम केले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत असताना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाशी (खेळाडूने एखादे पात्र होऊन खेळायच्या खेळाशी) त्यांचा परिचय झाला. आपल्या कथांची भूमी असलेले ‘मॅग्नमंड’ हे जग त्यांनी १९७७ च्या सुमारास या खेळासाठीच रचायला घेतले, असे त्यांच्याच कथनावरून दिसते. याच खेळाच्या प्रगत आवृत्तीची अमेरिकेतील अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी १९८२ मध्ये जिंकली, अशी नोंद त्यांच्या बहुतेक चरित्रांत आढळते. पुढे चित्रकार गॅरी चॉक यांच्याबरोबर ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात त्यांनी रणखेळांच्या लघुमूर्तींविषयी ‘टेबलटॉप हीरोज’ हे सदर चालवले.

गेमबुक म्हणजे क्रमांक दिलेल्या परिच्छेदांचे पुस्तक. परिच्छेद संपताच वाचकापुढे पर्याय येतात आणि निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक शोधून तो पुढे जातो. या प्रकाराचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो १९३० पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स यांचे ‘कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस!’ अमेरिकेत निघाले व त्यात पात्रांचे निर्णय वाचकावर सोपवले होते. दुसऱ्या मतानुसार मूळ शिक्षणक्षेत्रात आहे. नॉर्मन क्राउडर यांच्या अध्यापनपद्धतीवर आधारलेल्या ‘ट्यूटरटेक्स्ट’ या स्वाध्याय-पुस्तकांत (१९५८ पासून) विद्यार्थ्याने जे उत्तर निवडले असेल त्यानुसार पान सांगितले जाई आणि चुकलेल्याला त्याची चूक तिथेच समजावून दिली जाई. फ्रान्समध्ये रेमों केनो यांनी १९६७ मध्ये असा प्रयोग एका छोट्या कथेपुरता केला. एडवर्ड पॅकर्ड यांचे ‘शुगरकेन आयलंड’ १९६९ च्या सुमारास लिहून झाले असले तरी ते छापले गेले १९७६ मध्ये. या प्रकाराला मोठा बालवाचक मिळाला तो त्यांच्याच ‘द केव्ह ऑफ टाइम’मुळे (१९७९).

या सर्व पुस्तकांत निवड आहे, पण जोखीम नाही. फासे, गुण आणि लढाईचे नियम आले ते भूमिकाखेळांतून. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ या खेळासाठी १९७६ मध्ये निघालेले ‘बफेलो कॅसल’ हे एकट्याने खेळण्याचे साहस त्यातले पहिले समजतात. इंग्लंडमध्ये हीच वाट स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांच्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ने (१९८२) रुळवली. (याच नावाचे अमेरिकन खेळरचनाकार स्टीव्ह जॅक्सन निराळे, त्यांनीही ‘फायटिंग फँटसी’ या त्याच मालिकेत तीन पुस्तके लिहिल्यामुळे सूचींत गल्लत होते.) डेव्हर यांची जडणघडण पाहता त्यांना या शेवटच्या परंपरेत बसवणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘लोन वुल्फ’चा पहिला भाग ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉमरलंड राज्यातील काई योद्ध्यांचा मठ अंधाराचे अधिपती उद्ध्वस्त करतात. त्यातून वाचलेला एकटा शिष्य ही वार्ता राजधानी होल्मगार्डला पोहोचवायला निघतो. तोच कथेचा नायक आणि तोच वाचक, कारण निवेदन सरळ ‘तुम्ही’ असे संबोधून होते. ‘फायटिंग फँटसी’तील बहुतेक पुस्तके स्वतंत्र आहेत, एक संपले की पात्रही संपते. डेव्हर यांनी नायक, त्याच्या विद्या आणि त्याने मिळवलेल्या वस्तू पुढच्या पुस्तकात नेण्याची सोय केली. हेच त्यांचे खरे कर्तृत्व होय. सुरुवातीला दहा काई विद्यांपैकी पाच निवडायच्या. प्रत्येक भाग पार केला की आणखी एक मिळते. त्यामुळे पाचव्या भागात शिरताना वाचकाजवळ नऊ विद्या असतात आणि सहाव्यापासून श्रेष्ठ विद्यांचा टप्पा सुरू होतो.

फाशांना त्यांनी फाटा दिला. पुस्तकाच्या शेवटी शून्य ते नऊ या अंकांचा तक्ता छापलेला असे. डोळे मिटून पेन्सिलीचे बोथट टोक त्यावर टेकवायचे आणि खाली येईल तो अंक धरायचा. त्या अंकात दहा मिळवले की युद्धकौशल्य ठरे. दुसऱ्यांदा आलेल्या अंकात वीस मिळवले की सहनशक्ती. लढाईत आपल्या युद्धकौशल्यातून शत्रूचे वजा करून गुणांक काढतात आणि लढाईच्या निकालांच्या वेगळ्या तक्त्यात गुणांक व नवा अंक यांच्या छेदावर दोघांचीही हानी एकदमच वाचतात. दोघे तुल्यबळ असताना एक आला तर सहनशक्तीतून शत्रूचे तीन आणि आपले पाच गुण जातात. शून्य आले तर शत्रूचे बारा जातात, आपला एकही नाही. म्हणजे पात्र घडवताना सर्वांत वाईट असलेला अंक लढाईत सर्वांत चांगला ठरतो. एकाच अंकात दोन्ही बाजूंचा निकाल लागत असल्याने चकमक झटपट संपते आणि वाचक कथेकडे परततो.

या रचनेतला दोषही सातत्यातूनच आला. दुसऱ्या भागात मिळणारी ‘सॉमरस्वर्ड’ ही तलवार युद्धकौशल्यात तब्बल आठची भर घालते. पुढचे कित्येक शत्रू ती हाती असेल असे धरून योजलेले दिसतात. त्यामुळे मधल्याच भागापासून सुरुवात करणाऱ्याची दमछाक होते.

कर्तृत्वाचे श्रेय हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्या आठ भागांवर डेव्हर यांच्याबरोबर चॉक यांचेही नाव आहे. शब्द डेव्हर यांचे मानले, तरी दाट रेघांनी भरलेली चॉक यांची चित्रे केवळ सजावट नव्हती. मॅग्नमंडची शस्त्रे, पोशाख आणि वास्तू कशा असाव्यात, हे वाचकांच्या मनात त्यांनीच पक्के केले. नवव्या भागापासून चित्रे ब्रायन विल्यम्स यांची आहेत. कादंबरीकार म्हणून डेव्हर यांचे स्थान ठरवताना अधिक सावध राहावे लागते. ‘लेजंड्स ऑफ लोन वुल्फ’ या १९८९ पासून निघालेल्या बारा कादंबऱ्यांवर डेव्हर व जॉन ग्रँट अशी दोन नावे आहेत. ग्रँट हे स्कॉटिश लेखक पॉल बार्नेट यांचे टोपणनाव. जॉन क्लूट यांच्यासह अद्‌भुतसाहित्याच्या कोशाचे (१९९७) संपादन करणारे तेच. कथाविश्व डेव्हर यांचे, गद्य मुख्यतः ग्रँट यांचे, हे मत ग्राह्य धरावे. त्या अर्थाने डेव्हर यांची कादंबरी म्हणजे त्यांची गेमबुकेच.

त्यांच्या इतर मालिका आटोपशीर आहेत. ‘काँबॅट हीरोज’ (१९८६–८७) दोघांनी खेळायची आहे. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक आणि प्रत्येक पानावर आपल्या योद्ध्याला त्या क्षणी दिसणारे दृश्य. हे तंत्र विमानयुद्धावरील ‘एस ऑफ एसेस’ (१९८०) या आधीच्या खेळात आलेले होते. ‘फ्रीवे वॉरियर’ (चार भाग, १९८८–८९) उद्ध्वस्त अमेरिकेतील प्रवासाची कथा आहे. ‘वर्ल्ड ऑफ लोन वुल्फ’चे चार भाग इयन पेज यांनी लिहिले.

मूळ मालिका बत्तीस भागांची योजलेली होती. घटत्या खपामुळे ती १९९८ मध्ये अठ्ठाविसाव्या भागावर थांबली. विकल्या गेलेल्या प्रतींचे आकडे एक कोटीच्या आसपास सांगितले जातात; ते प्रकाशकीय असल्याने ढोबळच समजावेत. डेव्हर यांनी १९९९ मध्ये ‘प्रोजेक्ट एऑन’ या स्वयंसेवकांच्या गटाला आपली पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याची अनुमती दिली. स्वतःच्या लेखनावर जगणाऱ्या लेखकासाठी हा निर्णय मोठाच होता आणि दुकानांतून नाहीशी झालेली मालिका त्यामुळेच वाचनात राहिली. इटलीत तर ‘लुपो सोलितारियो’ या नावाने तिचा वाचकवर्ग कधी ओसरलाच नाही. २०१३ मध्ये निघालेला मोबाइल खेळही ‘फोर्ज रिप्लाय’ या इटालियन संस्थेचा होता. एकोणतिसावा भाग ‘द स्टॉर्म्स ऑफ चाई’ २०१६ मध्ये, ‘होल्मगार्ड प्रेस’ या त्यांच्याच प्रकाशनातर्फे निघाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून उरलेले भाग पुत्र बेन डेव्हर आणि व्हिन्सेंट लाझारी यांनी पूर्ण केले.